ग्रामा, इजिमा, प्रजिमा: दारातला रस्ता नेमका कुणाचा?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत निविदा सूचना छापलेल्या असतात. त्यातली एखादी ओळ साधारण अशी असते: ‘प्रजिमा ४२ मधील सा.क्र. १२/५०० ते १८/००० या लांबीची सुधारणा करणे.’ क्रमांक मी नमुन्यादाखल घेतले आहेत, पण ओळीचा साचा हाच. आपण पान उलटतो. खरं तर आपल्या रोजच्या रस्त्याची सगळी कुंडली त्या ओळीत असते.

‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. ‘सा.क्र.’ म्हणजे साखळी क्रमांक. पूर्वी मोजणीला ६६ फुटांची लोखंडी साखळी वापरत, अशा ८० साखळ्यांचा एक मैल होई. ती साखळी केव्हाच गेली, शब्द मात्र बांधकाम खात्यात राहिला. आता १२/५०० म्हणजे रस्ता जिथे सुरू होतो तिथून १२ किलोमीटर ५०० मीटर. म्हणजे वरच्या ओळीचा अर्थ इतकाच, की जिल्ह्यातल्या बेचाळीस नंबरच्या प्रमुख रस्त्याचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा दुरुस्त होणार आहे.

हा अर्थ लागला की पुढचे प्रश्न सुचतात. ‘प्रमुख जिल्हा मार्ग’ कुणी ठरवला? तो कुणाच्या ताब्यात असतो? आणि त्याला येऊन मिळणारा, आपल्या वस्तीवरून येणारा रस्ता या यादीत कुठे बसतो? भारतात ६३ लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत. ते सगळे वरून सारखेच दिसले तरी कागदावर त्यांची घराणी वेगळी आहेत. खड्डा कोण बुजवणार, पैसा कुठून येणार, दुकान रस्त्यापासून किती मागे बांधायचं, हे सगळं त्या घराण्यावर ठरतं.

नागपुरात ठरलेली उतरंड

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले. रस्ते तेव्हा प्रांतांकडे आणि स्थानिक मंडळांकडे होते, आणि त्यांच्याकडे पैसा नव्हता. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सांगितलं, की लांब पल्ल्याचे रस्ते ही देशाची जबाबदारी माना आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्या. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पंपावर पेट्रोल-डिझेलच्या दरात रस्त्यांसाठी जो उपकर आपण भरतो, त्याचं मूळ इथे आहे. रस्ते बांधणीची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेसही याच शिफारशींतून १९३४ मध्ये आली.

पण रस्त्यांना दर्जे लावण्याचं काम झालं ते नागपुरात. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि पुढच्या २० वर्षांचा आराखडा त्यांनी मांडला. दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता हे त्यांचं उद्दिष्ट होतं. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही विभागणी तिथे पक्की झाली. जिल्हा मार्गांचे ‘प्रमुख’ आणि ‘इतर’ असे दोन भाग झाले. प्रांतांची राज्यं झाल्यावर प्रांतिक महामार्ग राज्य महामार्ग झाले. ऐंशी वर्षं उलटली तरी निविदेतली ती ओळ नागपूरच्याच भाषेत बोलते. १९८१ च्या लखनऊ आराखड्याने हे सगळे दर्जे प्राथमिक, दुय्यम आणि तृतीय अशा तीन थरांत बसवले, पण गावात आणि कार्यालयात कुणी त्या शब्दांत बोलत नाही.

यादीच्या खालचं टोक

रस्त्यांबद्दल लिहिताना सगळे द्रुतगती मार्गापासून सुरुवात करतात. मला खालून सुरुवात करायची आहे, कारण देशातले बहुतेक रस्ते खालीच आहेत आणि बहुतेक अडचणीही.

सगळ्यात खाली असलेल्या वाटा या यादीतच नसतात. शेतात जाणारी पायवाट, गाडीवाट, दोन बाजूंच्या बांधांमधून जाणारी पाणंद, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता. गावनकाशावर त्यांतल्या बऱ्याच वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. महसूल खातं त्यांना ओळखतं, पण बांधकाम खात्याच्या लेखी त्यांना क्रमांक नसतो. ज्याला क्रमांक नाही त्याला निधीच्या यादीत जागा मिळणं अवघड. म्हणून पाणंद पिढ्यान्‌पिढ्या चिखलात राहते, आणि बांध कोरत कोरत एक दिवस नांगराखाली जाते.

या वाटांचा आधार महसूल कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेतात जायला वाट नसेल तर शेजारच्या शेताच्या बांधावरून वाट मागता येते, आणि तिचा निर्णय तहसीलदार देतात. आधीपासून वहिवाटीत असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडेच दाद मागायची. दोन्हीतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्यात नवी वाट मागतो, दुसऱ्यात जुनी मोकळी करून मागतो. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की महिने वाया जातात आणि तोवर सोयाबीन शेतात भिजतं. अलीकडे पाणंद रस्त्यांसाठी राज्याने स्वतंत्र योजना आणल्या. मला ते फार उशिरा झालेलं पण योग्य पाऊल वाटतं.

पाणंद संपते तिथे ग्रामीण मार्ग लागतो. हा यादीतला पहिला दर्जा, कागदावर ‘ग्रामा’. गावाला गावाशी, किंवा गावाला वरच्या दर्जाच्या जवळच्या रस्त्याशी जोडणं एवढंच त्याचं काम. त्याच्या वर इतर जिल्हा मार्ग, म्हणजे ‘इजिमा’. शेतमाल पिकतो तो भाग बाजाराच्या गावाशी किंवा तालुक्याशी जोडण्यासाठी हा असतो. महाराष्ट्रात हे दोन्ही दर्जे जिल्हा परिषदेकडे आहेत. तुमच्या गावच्या रस्त्याचं काम आमदाराच्या तोंडून ऐकू येत असलं तरी त्याची नोंद जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात असते.

ग्रामीण मार्गाची किंमत डांबरावर करू नये. तो पावसाळ्यात चालतो का, हे पाहावं. ‘बारमाही रस्ता’ हा शब्द इथे फार नेमका आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर एका पावसाळ्यात ती मातीत गडप होते. म्हणून आधी मातीकाम, मग मुरुमाचा थर, मग खडीकरण आणि सगळ्यात शेवटी डांबर. या सगळ्यापेक्षा महत्त्वाची असते मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणारी वाट, आणि कडेची नाली. नाल्यावर फक्त फरशी पूल असेल तर रस्ता कितीही गुळगुळीत असो, ओढ्याला पाणी आलं की गाव तुटतं. गर्भार बाईला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा ही एक मोरी सगळ्या डांबरापेक्षा मोलाची ठरते.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा तिचं उद्दिष्ट याच शब्दांत होतं: सपाट प्रदेशातल्या ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागांतल्या २५० लोकवस्तीपर्यंत बारमाही रस्ता. त्या योजनेची दुसरी चांगली अट म्हणजे काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची. रस्त्याच्या सुरुवातीला लांबी, खर्च आणि ठेकेदाराचं नाव लिहिलेला फलक असतो. तो फलक गावाने वाचावा म्हणूनच लावलेला आहे.

तालुका, जिल्हा, राज्य

प्रमुख जिल्हा मार्ग हा जिल्ह्याच्या आतला कणा. बाजारपेठा एकमेकींना आणि महामार्गाला जोडणारा. एसटीच्या बहुतेक फेऱ्या आणि हंगामात साखर कारखान्याकडे जाणारा ऊस याच रस्त्यांवरून जातो. इथून वरचे रस्ते महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदेची हद्द संपून राज्य सरकारची सुरू होते ती प्रजिमावर.

राज्य महामार्ग जिल्ह्याची ठिकाणं आणि मोठी शहरं जोडतो आणि शेजारच्या राज्याच्या रस्त्यांना हात देतो. त्यातल्या अधिक महत्त्वाच्या रस्त्यांना महाराष्ट्रात प्रमुख राज्य महामार्ग म्हणतात. हा दर्जा डोळ्यांनी ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. वरचा भाग हिरवा असेल तर राज्य महामार्ग, पिवळा असेल तर राष्ट्रीय.

आकड्यांत लपलेला नकाशा

राष्ट्रीय महामार्गांचा पहिला कायदा १९५६ चा. देशाच्या एकूण रस्त्यांत त्यांची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास, पण वाहतूक सुमारे ४० टक्के त्यांच्यावरून जाते. राज्यांच्या राजधान्या, बंदरं, सरहद्दी, मोठी औद्योगिक शहरं जोडणं हे त्यांचं काम.

जुनी माणसं अजून ‘चार नंबर’ म्हणतात तो पुणे-बंगळुरू रस्ता आता ४८ आहे. २०१० मध्ये सगळे क्रमांक बदलले तेव्हा लोक वैतागले, पण नव्या आकड्यांत एक सुंदर व्यवस्था आहे आणि ती समजली की नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो.

नियम दोनच. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम धावणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात.

आता हे महाराष्ट्रावर लावून पाहा. सगळ्यात पूर्वेला, नागपूर-हिंगणघाट-पांढरकवड्यावरून जाणारा ४४. हा श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो आणि देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या पश्चिमेला धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर जोडणारा ५२. आणखी पश्चिमेला धुळे-नाशिक-पुणे हा ६०. आणि अगदी समुद्राकाठी पनवेलहून चिपळूण, सावंतवाडीमार्गे गोव्याकडे आणि पुढे कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६. चव्वेचाळीस, बावन्न, साठ, सहासष्ट: आकडे चढत गेले आणि आपण विदर्भातून कोकणात उतरलो. दिल्लीहून मुंबई-पुणे-कोल्हापूरमार्गे चेन्नईला जाणारा ४८ या ओळीत बसत नाही, कारण तो देशभर तिरपा धावतो.

विषम आकडे बघा. उत्तरेला धुळे-जळगाव-अकोला-अमरावती-नागपूर हा ५३. मध्ये कल्याणहून माळशेज चढून अहिल्यानगर, परभणी, नांदेडकडे जाणारा ६१. दक्षिणेला पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ६५. पुन्हा क्रम बरोबर.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फांद्या. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरीजवळ ६६ मधून फुटून कोल्हापूर, सांगली करत सोलापूरला जाणारा रस्ता १६६. त्याच्यापुढे अक्षर आलं तर आणखी उपफांदी: वडखळ-अलिबाग रस्ता १६६-अ. आणि जुना आपला ‘चार नंबर’? तो आकडा आता अंदमानातल्या मुख्य रस्त्याला मिळाला आहे. सम आकडे पूर्वेकडून सुरू होतात, त्यामुळे अंदमान पहिल्या काहींत येणारच.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा असला तरी त्याची देखभाल एकच संस्था करते असं नाही. मोठे पट्टे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहेत. हे १९८८ च्या कायद्याने स्थापन झालं. काही लांबी राज्याच्याच सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असते, पैसा केंद्राचा आणि काम राज्याच्या अभियंत्यांचं. सरहद्दीवर सीमा रस्ते संघटना. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या रस्त्यावर अर्ध्या तासात दोन वेगळ्या कार्यालयांच्या हद्दी लागू शकतात.

वेग की दार

इथवर ‘कुणाचा’ हे पाहिलं. आता ‘कशासाठी’, आणि मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

रस्ता दोनच कामं करतो. लांबच्या माणसाला वेगाने पुढे नेतो, किंवा जवळच्या माणसाला त्याच्या दारापर्यंत पोचवतो. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात. वेग हवा असेल तर मध्ये दारं, फाटे, टपऱ्या, थांबे नकोत. दारं हवी असतील तर वेग सोडावा लागतो. दर्जांची सगळी उतरंड या ओढाताणीवर उभी आहे: ग्रामीण मार्गावर प्रत्येक घराचं दार रस्त्यात उघडतं, आणि जसजसे वर जाल तसतशी दारं कमी होत जातात.

द्रुतगती मार्ग हे या उतरंडीचं वरचं टोक, तिथे दारं पूर्ण बंद. महामार्ग रुंद केला म्हणजे द्रुतगती मार्ग होत नाही, ती वेगळीच जात आहे. कुंपण, ठरावीक ठिकाणीच चढ-उताराची सोय, एकही चौक नाही, सिग्नल नाही, पादचारी, दुचाकी, ट्रॅक्टर यांना बंदी. आडवे जाणारे सगळे रस्ते वरून किंवा खालून. २००२ मध्ये पूर्ण झालेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग हा देशातला अशा प्रकारचा पहिला सहापदरी काँक्रीट मार्ग. त्याच्याशेजारी खोपोली-खंडाळ्यातून जाणारा जुना रस्ता चालूच आहे, आणि तो असायलाच हवा. लोणावळ्याच्या दुचाकीस्वाराला, वाटेतल्या गावच्या ट्रॅक्टरला दुसरा रस्ता कुठला?

नावामुळे होणारा एक गैरसमज इथे दूर करतो. द्रुतगती मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्गच असला पाहिजे असं नाही. नागपूरहून भिवंडीजवळ आमण्यापर्यंत जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ‘राष्ट्रीय’ हा शब्द मालकी सांगतो, ‘द्रुतगती’ हा शब्द रचना सांगतो. समृद्धीवर टोलही जितकं अंतर कापाल तितका लागतो. दारं मोजकी असल्यामुळेच कोण कुठे चढलं आणि कुठे उतरलं हे कळतं.

सगळ्यात धोकादायक रस्ता कोणता? माझ्या मते दोन्ही कामं एकाच वेळी करणारा. गावातून जाणारा चौपदरी महामार्ग आठवा. एकीकडून मालट्रक ऐंशीच्या वेगाने येतोय आणि दुसरीकडून शाळेतली मुलं दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातायत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर झाले. तिथे वाहनं जास्त आहेत हे खरं, पण वेगवान रस्त्याला लागलेली दारं हेही कारण आहे.

बाह्यवळण रस्त्याची गोष्टही हीच. गावातली कोंडी टाळायला गावाबाहेरून नवा रस्ता काढतात. दहा वर्षांत त्याच्या कडेला मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, गॅरेज, मग प्लॉटिंग. प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर. गाव सरकत सरकत बाह्यवळणावर येतं आणि पुन्हा नवं बाह्यवळण मागितलं जातं. सेवा रस्ता पहिल्याच दिवशी बांधला आणि दारं फक्त त्याच्यावर उघडू दिली, तर हे टळतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत यासाठीच इमारत रेषा आहे: मोकळ्या सपाट प्रदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४० मीटर, प्रमुख जिल्हा मार्गाच्या मध्यापासून २५ मीटर. रस्त्याकडेला जागा घेणाऱ्याने रस्त्याचा दर्जा आधी विचारावा तो यासाठी. आजचा प्रजिमा उद्या राज्य महामार्ग झाला तर हिशेब बदलतो.

रुंदीपेक्षा वळण अवघड

‘हा रस्ता मोठा करा’ म्हणताना आपल्या मनात रुंदी असते. एकपदरी रस्त्याची डांबरी पट्टी पावणेचार मीटर, दुपदरीची सात मीटर. त्याखालची जमीन मात्र बरीच जास्त लागते: सपाट मोकळ्या भागात ग्रामीण मार्गाला साधारण १२ मीटर, इतर जिल्हा मार्गाला १५, प्रमुख जिल्हा मार्गाला २५, आणि राज्य व राष्ट्रीय महामार्गाला ४५. साईडपट्टी, नाल्या, झाडं आणि उद्याचं रुंदीकरण सगळं त्यात येतं.

पण खरी अडचण वळणांची आहे. वेग दुप्पट झाला की वळणाची त्रिज्या चौपट लागते. ताशी ५० किलोमीटरला ९० मीटर त्रिज्येचं वळण चालतं, ताशी १०० ला सुमारे ३६० मीटर हवी. बांध चुकवत, विहिरी टाळत गेलेला ग्रामीण मार्ग म्हणूनच नुसता रुंद करून महामार्ग होत नाही. तो सरळ करावा लागतो, आणि सरळ करणं म्हणजे कुणाच्या तरी शेतातून जाणं. भूसंपादन लांबतं त्यामागे बऱ्याचदा हे साधं गणित असतं.

दुसरं गणित वजनाचं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं मालट्रक फिरवून मोजमाप केलं गेलं. त्यातून दिसलं, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतं. एक भरगच्च वाळूचा हायवा ग्रामीण मार्गावरून गेला की हजारो मोटारसायकलींनी होणार नाही इतकी झीज तो एकटा करतो. ग्रामीण मार्गाचे थर त्या वजनासाठी घातलेलेच नसतात. गावाजवळ खदान किंवा वाळूघाट सुरू झाला की नवा रस्ता वर्षात का उखडतो, याचं उत्तर अनेकदा डांबराच्या दर्जाइतकंच इथे असतं. त्यामुळे ‘काम निकृष्ट’ म्हणण्याआधी तिथून काय जातं तेही पाहावं.

कागदावर बढती

रस्त्याचा दर्जा वाढवणं याला दर्जोन्नती म्हणतात. ग्रामाचा इजिमा, इजिमाचा प्रजिमा. २०१४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांची लांबी ९१,२८७ किलोमीटर होती, ती आता सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर आहे. ही सगळी वाढ नव्या जमिनीवर झालेली नाही. तिचा मोठा भाग म्हणजे आधीच्या राज्य महामार्गांना मिळालेला नवा दर्जा. यात फायदा आहे, केंद्राचा पैसा येतो. तोटा असा, की घोषणा आणि प्रत्यक्ष ताबा यांच्यात वेळ जातो. ‘तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग’ असा शब्दप्रयोग महाराष्ट्राने काही वर्षं पुष्कळ ऐकला. तेवढ्या काळात जुनं खातं म्हणतं आता आमचा नाही, नवं म्हणतं अजून आमचा नाही, आणि मधले पावसाळे प्रवासी सोसतात.

दर्जा उतरवताही येतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. लगेच काही ठिकाणी शहरातून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढला गेला. चंडीगढचं असं प्रकरण न्यायालयात गेलं आणि शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत ते मान्यही झालं. डांबराचा एक खडा हलला नाही, पण रस्ता वेगळा झाला.

शहरात घराणीच वेगळी. तिथे मुख्य मार्ग, उपमुख्य मार्ग, वाहतूक गोळा करणारे रस्ते आणि गल्लीतले रस्ते अशी विभागणी असते, आणि सगळ्यांच्या मुळाशी विकास आराखडा. ‘डीपी रस्ता’ म्हणतात तो हाच, आराखड्यात आखलेला पण अनेकदा वर्षानुवर्षं कागदावरच राहिलेला. फ्लॅट घेताना ‘समोर डीपी रस्ता आहे’ असं सांगितलं गेलं, तर तो ताब्यात आला आहे का हे विचारावं.

आता शेवटी कामाचं. तक्रार करायची तर आधी दर्जा शोधा. पिवळा दगड असेल तर राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी १०३३. हिरवा दगड किंवा प्रजिमा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचं तालुक्यातलं उपविभाग कार्यालय. इजिमा आणि ग्रामा असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. शहराच्या हद्दीत नगरपालिका किंवा महापालिका. शेताची वाट असेल तर तहसील.

आणि अर्जात ‘पुलाजवळ’, ‘वडाच्या झाडापाशी’ असं लिहू नका. महामार्गावर दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. मागचा किलोमीटर-दगड १२ चा असेल आणि खड्ड्याशेजारचा छोटा दगड ४ चा, तर अर्जात लिहा: सा.क्र. १२/४००. कार्यालयातल्या माणसाला त्याच्याच नोंदवहीतली ती जागा लगेच सापडेल.